डॅशकॅमचा व्हिडिओ धुरकट येतो? नवा कॅमेरा घेण्याआधी हे तपासा

गोरेगाव : गाडीत कॅमेरा आहे, रेकॉर्डिंगही झाले आहे, पण धडक देऊन पळालेल्या वाहनाचा नंबरच वाचता येत नाही. डॅशकॅम बसवणाऱ्यांची ही नेहमीची अडचण. अशा वेळी बहुतेक जण कॅमेऱ्याला नावे ठेवतात. प्रत्यक्षात दोष अनेकदा काचेत, मेमरी कार्डात किंवा सेटिंगमध्ये असतो आणि तो घरच्या घरी, बिनखर्चात दूर होतो.

एका नंबरचे मोल

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर केंद्र सरकारच्या 'हिट अँड रन' योजनेतून मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून हे दर लागू आहेत. वाहन सापडले, तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते. ती २ लाखांच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. म्हणून नंबर स्पष्ट दिसणे ही काही हौसेची गोष्ट नाही.

आधी मूळ फाइल बघा

वायफायने मोबाइलवर दिसणारा व्हिडिओ अनेक कॅमेरे मुद्दाम हलक्या दर्जात पाठवतात. त्यावरून चित्र खराब आहे असे ठरवू नका. कार्ड काढून संगणकात किंवा कार्ड रीडर लावून मोबाइलवर मूळ फाइल उघडा. तीही धुरकट असेल तरच पुढचे तपासा.

काच बाहेरून चकाचक, आतून तेलकट

उन्हाळ्यात बंद गाडी तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ समोरच्या काचेला आतून चिकटते. त्यात अगरबत्तीचा धूर आणि रस्त्याची धूळ. दिवसा हा थर दिसत नाही. रात्री समोरून हेडलाइट आला की पूर्ण चित्र पांढरे पडते. अंधारात टॉर्च तिरपी धरली की थर लगेच दिसतो. काच धुण्याचे द्रावण लावून मऊ मायक्रोफायबर कापडाने आतली बाजू पुसा. लेन्स मात्र कोरड्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा. नव्या कॅमेऱ्याच्या लेन्सवरची पारदर्शक पट्टी काढायची राहून गेली नाही ना, तेही बघा.

डॅशबोर्डवरची मूर्ती, हार, पांढरा टॉवेल, टोलच्या पावत्या या सगळ्यांचे प्रतिबिंब काचेत पडते आणि चित्रावर पांढुरका पडदा येतो. त्या वस्तू काढल्या की निम्मे काम होते. प्रतिबिंब कमी करणारा 'सीपीएल' फिल्टर मिळतो, पण तो उजेडही कमी करतो. रात्रीचा प्रवास जास्त असेल तर तो काढून ठेवावा.

कॅमेरा वायपर फिरतो त्याच भागात बसवा, नाही तर पावसाळ्यात फक्त पाण्याचे थेंब दिसतील. पकड सैल असेल तर खड्ड्यात चित्र हलते. मागच्या काचेला काळी फिल्म असेल तर मागचा कॅमेरा रात्री जवळजवळ आंधळाच.

सेटिंग आणि कार्ड

मेनूमध्ये रिझोल्युशन सर्वात वरचे आणि व्हिडिओचा दर्जा 'हाय' ठेवा. खोक्यावर '४के' लिहिले म्हणून भुलू नका. खऱ्या ४के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीमध्ये सुमारे २१ लाख. काही स्वस्त कॅमेरे फुल एचडी चित्रच ताणून ४के म्हणून साठवतात. फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. घेण्याआधी सेन्सर किती मेगापिक्सेलचा आहे ते विचारा. खऱ्या ४केसाठी किमान ८ लागतात.

चित्र अडखळत असेल किंवा मधले तुकडे गायब असतील, तर कार्ड तपासा. साधे कार्ड सततच्या लिखाणाने लवकर खराब होते. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेले, यू३ किंवा व्ही३० खूण असलेले कार्ड घ्या. फुल एचडी व्हिडिओचा एक मिनिट साधारण १०० एमबी धरला, तर ३२ जीबीच्या कार्डात जेमतेम पाच तास मावतात. मग जुने पुसून नवे लिहिले जाते. खड्ड्यातल्या धक्क्यालाही कॅमेरा अपघात समजून ती फाइल कुलूपबंद करतो आणि कार्ड भरते. त्यासाठी 'जी-सेन्सर' कमी संवेदनशील ठेवा. हव्या त्या फाइली काढून घेऊन महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कॅमेरा मध्येच बंद पडत असेल तर सोबत आलेलाच चार्जर वापरा.

रात्र, धुके आणि जंगलरस्ता

गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये रात्री कारच्या धडकेत वाघाचा मृत्यू झाला. अशा अंधाऱ्या रस्त्यावर कॅमेऱ्याची खरी परीक्षा असते. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घेतो. हा वेळ सेकंदाचा तिसावा भाग असला आणि दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर येत असल्या, तर तेवढ्यात अंतर एक मीटरहून जास्त बदलते. नंबर फिसकटणारच. शिवाय परावर्तक नंबर प्लेट हेडलाइटमध्ये पांढरीफटक होते. 'डब्ल्यूडीआर' किंवा 'एचडीआर' चालू ठेवा आणि एक्सपोजर उणे अर्धा ते उणे एक करून बघा. चित्र थोडे काळपट दिसेल, पण नंबर वाचण्याची शक्यता वाढते.

धुक्यावर मात्र कोणतीच सेटिंग चालत नाही. हिवाळ्यात पहाटे धानाच्या बांध्यांवरून धुके रस्त्यावर उतरले, की वेग कमी करणे एवढाच उपाय.

कॅमेऱ्याची मर्यादा ओळखा

कारची नंबर प्लेट ५० सेंटिमीटर रुंद असते. १४० अंशांच्या फुल एचडी कॅमेऱ्यात ती १० मीटरवरून जेमतेम ४० बिंदूंत मावते. 'एमएच ३५' पासूनची दहा अक्षरे-आकडे त्यात वाचायची, म्हणजे एकाला चारच बिंदू. पाच मीटरवर ते दुप्पट होतात. म्हणून एक साधी सवय लावा. अपघात दिसला की पळणाऱ्या गाडीचा नंबर, रंग आणि दिशा मोठ्याने बोला. माइक चालू असेल तर कॅमेरा ते टिपतो.

पुरावा जपायचा कसा?

घटना घडली की आधी कॅमेरा बंद करून कार्ड काढा, नाही तर तीच फाइल पुसली जाईल. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की दर्जा घसरतो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याआधीच्या कायद्याखाली, जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले होते. मूळ साधनच हजर केले तर त्याची गरज नाही, असेही सांगितले होते. म्हणून मूळ कार्ड कोणाच्याही हातात देऊ नका. पोलिसांनी ते घेतले तर जप्तीची नोंद करून घ्या.

कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ बरोबर आहे का, हे आजच बघा. काही कॅमेऱ्यांचे घड्याळ बरेच दिवस गाडी उभी राहिली की मागे जाते. चुकीच्या तारखेचा स्वच्छ व्हिडिओही शंकेला जागा देतो.