बेरीज-वजाबाकीतून दिसणारे उद्याचे कोल्हापूर

कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे २९ लाख ९० हजार होती. २००१ मध्ये ती ३५ लाख २३ हजारांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत जवळपास १८ टक्के वाढ. पुढेही हाच वेग राहील असे धरून त्या वेळी कोणी त्रैराशिक मांडले असते, तर २०११ साठी साडेएकेचाळीस लाखांचा आकडा निघाला असता. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत माणसे भरली ३८ लाख ७६ हजार आणि वाढ होती १० टक्के. अंदाज पावणेतीन लाखांनी चुकला असता. ही एखाद्या तालुक्याएवढी वस्ती झाली. तिच्यासाठी आखलेले पाणी, शाळा आणि दवाखाने हिशेबात राहिले असते, पण माणसे मात्र नसती.

अशी चूक टाळण्याची विद्या म्हणजे लोकसंख्याशास्त्र. मुंबईत देवनारला १९५६ मध्ये या विषयाचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते आणि तिथे या विषयात पदव्युत्तर पदवी व पीएचडी करता येते. इतर विद्यापीठांत संख्याशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा वेगवेगळ्या वाटांनी विद्यार्थी या विषयाकडे येतात.

वय धरून हिशेब

वर्गात पहिल्यांदा शिकवले जाते ते साधे समीकरण. आजची लोकसंख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक बाहेरून आलेले, वजा बाहेर गेलेले. खरी मेख पुढे आहे. हा हिशेब सगळ्या लोकसंख्येचा एकदम न मांडता वयोगटांनुसार, स्त्री आणि पुरुष वेगळे धरून मांडायचा असतो. आज २० ते २४ वयाच्या स्त्रिया पाच वर्षांनी २५ ते २९ च्या गटात जातील. त्यांपैकी किती जगतील, हे आयुर्मान सारणी सांगते. त्यांना किती मुले होतील, हे त्या वयाच्या प्रजनन दरावरून काढतात. इंग्लंडमध्ये एडविन कॅनन यांनी १८९५ मध्ये अशी मांडणी केली होती. आजही जगभरातील बहुतेक अधिकृत अंदाज याच पायावर उभे असतात.

या पद्धतीमुळे एक कोडे उलगडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आढळला. पिढीची जागा पुढच्या पिढीने घेण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. तरीही राज्याची लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण आधीच जन्मलेल्या तरुणांची संख्या मोठी आहे. प्रत्येक जोडप्याला कमी मुले झाली तरी जोडपीच जास्त असतात. मात्र ही पिढी वयात पुढे सरकली की बालवाड्या ओस पडू लागतात आणि मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू यांवर उपचार घेणाऱ्यांची रांग वाढते. प्रसूतिगृहात किती खाटा हव्यात आणि वृद्धांसाठी किती, याचे उत्तर एकूण आकड्यातून मिळत नाही, वयाच्या विभागणीतून मिळते.

८३९ चा अर्थ

कोल्हापूरच्या बाबतीत या हिशेबात एक दुखरा आकडा आहे. २००१ मध्ये जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. निसर्गतः मुलगे थोडे जास्त जन्मतात. तरी हजारामागे सुमारे ९५० मुली असायला हव्यात. म्हणजे हजारामागे शंभराहून अधिक मुलींची तूट निसर्गाने केलेली नव्हती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, तरी हे घडले.

ही मुले २०२६ मध्ये २५ ते ३१ वर्षांची आहेत. शेती करणाऱ्या मुलाला स्थळ मिळत नाही, ही गावोगावची तक्रार नोकरी आणि शहराच्या ओढीशी जोडली जाते. त्यात तथ्य आहे, पण पिढीतच मुली कमी आहेत, हे २००१ च्या तक्त्यात आधीच लिहिलेले होते. शिवाय वधू वरापेक्षा लहान असावी, या रूढीमुळे वर आपल्यानंतर जन्मलेल्या पिढीत मुलगी शोधतो. जन्म घटत असताना ती पिढीच लहान असते, त्यामुळे तुटवडा आणखी जाणवतो. मुली कमी असल्या की २.१ चा दरही पुरत नाही, कारण पुढच्या माताच कमी असतात.

जिल्हा प्रशासनाने २००९ च्या सुमारास सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारे उपकरण जोडण्याची मोहीम घेतली. २०११ मध्ये प्रमाण ८६३ झाले. त्याच दशकात राज्याचे प्रमाण ९१३ वरून ८९४ वर घसरले होते. श्रेय एकट्या उपकरणाला देता येत नाही, कारण त्या वयोगटातील बहुतेक मुले मोहिमेआधीच जन्मली होती.

सर्वांत अवघड: ये-जा

जन्म-मृत्यूंची नोंद होते, स्थलांतराची होत नाही. शाहूवाडी, आजरा, चंदगडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून कामगार येतात. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून तोडणी टोळ्या येतात आणि फेब्रुवारीत, म्हणजे जनगणनेच्या मोजणीच्या काळात, त्यांपैकी अनेक फडावरच असतात. त्यांना कोठे मोजायचे, यावर जिल्ह्याचा आकडा हलतो. म्हणून अभ्यासक एकच आकडा न देता कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज देतात आणि प्रत्येकामागची गृहीतके लिहून ठेवतात.

२०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे आज जिल्ह्याची आरोग्य केंद्रे, रेशन आणि पाणी योजना यांचे नियोजन २०११ च्या पायावर रचलेल्या अंदाजांवर चालते. पुढची गणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने होणार आहे. तिचे आकडे आले की २०११ नंतर जन्मलेल्या मुलींचे प्रमाण कळेल आणि २०४० च्या आसपास लग्नाच्या वयात येणाऱ्या पिढीचा समतोल कसा असेल, तेही त्याच तक्त्यातून वाचता येईल.