दुधी अळंबी, केअर ऑफ झाड
अळंबी मोडली की दूध गळतं! थाप नव्हे. लॅक्टेरियस प्रजातीतल्या अळंबीची टोपी उलटी करून खालच्या नाजूक पडद्यांवर नख ओढलं की थेंब भराभर जमतात. दूध पांढरंच असेल असंही नाही. अमेरिका-मेक्सिकोतली इंडिगो निळं दूध देते. युरोपातल्या डेलिशिओससचं दूध गाजरी, पण तिला कुठे लागलं-खुपलं की ती जागा हिरवी पडते. वोलेमसच्या दुधात तर रबर असतं आणि ती शिळी झाली की मासळीबाजार आठवतो.

आता चला चेन्नईतल्या अड्यारला. इथून हाकेच्या अंतरावर, गिंडीत मद्रास विद्यापीठाचं वनस्पतिशास्त्राचं केंद्र आहे. अळंबीच्या अभ्यासातलं हे मोठं नाव. तिथल्या सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला जगभरचे अभ्यासक ‘एमयूबीएल’ म्हणून ओळखतात. मग पावसाळ्यात अड्यारच्याच थिऑसॉफिकल सोसायटीच्या बागेत, त्या प्रसिद्ध वडाखाली शोधायची का दुधी अळंबी? पायपीट फुकट जाण्याचीच शक्यता जास्त.

कारण ही बाई एकटी नांदत नाही. तिचे धागे झाडाच्या बारीक मुळांना वेढून बसतात. झाड साखर देतं, ती पाणी आणि फॉस्फरस पुरवते. सोयरीकही ठरावीक घराण्यांशीच: पाइन, ओक, भूर्ज, साल. वडाचा घरोबा वेगळ्याच बुरशींशी असतो आणि त्या जमिनीवर छत्र्या उभारत नाहीत.

म्हणून गिंडीच्या संशोधकांनी गाठलं कोडगूमधलं उप्पंगळा. पश्चिम घाटातलं हे सालाच्या भाऊबंदांचं रान. झाडांच्या मुळांशी नांदणाऱ्या तिथल्या बुरशींचा लेखाजोखा 2005 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. त्यात दुधी अळंबीची चुलतबहीण रसुला भरघोस निघाली. (ती दूध देत नाही, पण दोघींचा दांडा खडूसारखा कटकन मोडतो.) त्या चमूतले जी. सेंथिलरासू पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आले.

दुधी अळंबीची नोंद करायची तर गाव, तारीख आणि उंची लिहून भागत नाही. शेजारचं झाड कोणतं ते आधी लिहायचं. दुधाचा रंग, तो किती मिनिटांत बदलला, हेही तिथल्या तिथे, कारण सुकलेल्या नमुन्यातून थेंबही निघत नाही. शिवाय चव! काहींचं दूध गोडसर, काहींचं लवंगी मिरचीसारखं झोंबणारं. जाणकार जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकतात. तुम्ही-आम्ही त्या फंदात पडू नये. टॉर्मिनोसस कच्ची खाल्ली तर पोट बिघडवते. फिनलंडमध्ये मात्र तीच उकळून, पाणी फेकून, मिठात मुरवून चवीने खातात.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत शास्त्रज्ञांनी लॅक्टेरियस घराण्याच्या वाटण्या केल्या. डीएनए तपासल्यावर अनेक जाती लॅक्टिफ्लुअस या नव्या घरात गेल्या. वोलेमसही त्यांतलीच. संग्रहातल्या नमुन्यांच्या जुन्या पाकिटांवरची नावं बदलत बसणाऱ्यांची कीव येते.

आणि झाड स्थलांतरित झालं तर? पाइनच्या मुळांबरोबर डेलिशिओससही समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात पोचली. तिथे न्यू साउथ वेल्समधल्या ओबेरॉनच्या पाइनच्या लागवडीत दरवर्षी लोक टोपल्या घेऊन ती गोळा करायला जातात. शेजारच्या निलगिरीखाली कुणी तिला शोधत नाही.