समुद्रपक्ष्यांचे अन्नशोधन : नर व मादी यांतील भेद

एकाच जातीच्या समुद्रपक्ष्यांतील नर व मादी यांची भक्ष्य शोधण्याची क्षेत्रे, वेळा व पद्धती किंवा भक्ष्याचे प्रकार यांत आढळणारी भिन्नता. ती शरीराच्या आकारमानातील फरकामुळे किंवा विणीच्या हंगामातील श्रमविभागणीमुळे उद्भवते. पुष्कळ जातींत ही दोन्ही कारणे एकत्र असल्याने त्यांचा निवाडा करणे कठीण जाते. म्हणूनच नर व मादी दिसावयास सारखे असलेले पक्षी अभ्यासास विशेष उपयोगी पडतात.

कुररी (सुरय) हे अशांपैकी होत. वेंगुर्ल्यासमोरील (सिंधुदुर्ग जिल्हा) खडकाळ बेटांवर त्यांच्या वसाहती होतात. ए. ओ. ह्यूम यांनी १८७५ मध्ये या बेटांना भेट दिली होती. तेथील कुररी व पाकोळ्या यांविषयी हुमायून अब्दुलअली यांचा लेख १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रियाराधनाच्या काळात कुररीचा नर चोचीत मासा आडवा धरून मादीपुढे येतो. हा केवळ शिष्टाचार नव्हे. सामान्य कुररीच्या मादीचे पोषण अंडी घालण्याच्या आधीच्या दिवसांत मुख्यतः नराने आणलेल्या माशांवर होते आणि अंड्यांची वाढ त्यावर अवलंबून असते. पिले बाहेर पडल्यावरही सुरुवातीस मादी त्यांना ऊब देते व बहुतेक मासे नर आणतो. मादी स्वतः शिकार करीत नसली, तरी नराच्या शिकारक्षेत्रातील मासळी घटल्यास तिचीच अंडी लहान होतात.

आकारमानाचा परिणाम महाकाय पेट्रेल पक्ष्यात ठळकपणे दिसतो. विणीच्या हंगामात त्याचा थोराड नर किनाऱ्यावरील सील व पेंग्विन यांच्या मृत शरीरांवर ताबा मिळवितो, तर मादी बव्हंशी खुल्या समुद्रावर अन्न शोधते. पावसाळी वाऱ्यांबरोबर कधीकधी कोकण किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्या बुरखाधारी बूबीत याउलट मादीच मोठी असते.

भटक्या अल्बट्रॉसच्या बाबतीत हा भेद जीवघेणा ठरला आहे. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील क्रोझे बेटांवर १९८९ मध्ये या पक्ष्यांच्या अंगावर प्रेषक बसवून उपग्रहाद्वारे त्यांचा माग घेण्यात आला, तेव्हा एकेका फेरीत ३,६०० ते १५,००० किमी. प्रवास होत असल्याचे आढळले. नर मादीपेक्षा सु. २० टक्के जड असतो. पंखांच्या क्षेत्रफळाच्या मानाने वजन अधिक असल्याने दक्षिणेकडील जोरदार वारे त्यास मानवतात; हलकी मादी उत्तरेकडील उबदार पाण्यावर अधिक फिरते. नेमके तेथेच ट्यूना माशांसाठी हजारो गळांच्या लांब दोऱ्या सोडल्या जातात. गळाचे आमिष गिळून पक्षी बुडतात व त्यांत माद्यांचे प्रमाण अधिक असते. ही जाती साधारणतः दोन वर्षांतून एकदा, एकच अंडे घालते आणि पिलाचे संगोपन एकट्या पालकास झेपत नाही. जोडीदार गमावलेल्या नरास नवी मादी मिळेपर्यंत अनेक वर्षे विणीविना जातात. दोऱ्यांना वजने लावून त्या लवकर बुडविणे, रात्री सोडणे आणि जहाजामागे फडफडणाऱ्या पट्ट्या बांधणे या उपायांनी ही हानी बरीच कमी होते.