पडावाहून निघालेली मोटारसायकल

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकालगतच्या वस्तीला पडाव म्हणतात. पडाव म्हणजे मुक्काम. आणि थोडे पलीकडचे लष्कर ही तर नावानेच छावणी. 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेने येथे जो तळ दिला तो पुन्हा उठला नाही, आणि त्या तळाबरोबर आलेली मराठी घराणी कायमची ग्वाल्हेरकर झाली. आता त्याच घरांतील मुले नोकरीच्या निमित्ताने उलट वाटेने पुण्या-मुंबईस निघतात. बरोबर दोन पेट्या असतात, आईने दिलेला फराळाचा डबा असतो, आणि पुष्कळदा मागाहून येणारी एक मोटारसायकलही असते. तीन-चार वर्षे वापरलेली, अंगवळणी पडलेली, विकावयास जीव न होणारी.

ही मोटारसायकल ग्वाल्हेरहून पुण्यास पोहोचविणे मुळीच अवघड नाही. झेलम एक्सप्रेस व गोवा एक्सप्रेस या गाड्या ग्वाल्हेरवरून पुण्यास जातात आणि पार्सल कार्यालय पडावापासून हाकेच्या अंतरावर आहे. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, कारण ज्वालाग्राही पदार्थ गाडीच्या डब्यात चालत नाही. दिवे, आरसे व टाकी यांवर गोणपाट आणि पेंढा घट्ट बांधून घ्यावा लागतो. नोंदणी पुस्तकाची, विम्याची व ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, किंमत लिहून द्यावी लागते, आणि वजन व अंतर यांप्रमाणे भाडे भरले की पावती हाती पडते. मालक त्याच गाडीने तिकीट काढून जात असेल तर ती त्याचे सामान म्हणून जाते. नसेल तर पार्सल म्हणून. उतरविल्यावर ती वेळेत सोडवून न्यावी, नाही तर व्हार्फेज चढू लागते. टाकीत थेंबभरही पेट्रोल नसलेली गाडी स्थानकाबाहेरच्या पंपापर्यंत ढकलीत नेताना नव्या शहराशी जी ओळख होते ती बहुधा कोणी विसरत नाही.

येथपर्यंत यंत्राचा प्रवास झाला. परंतु प्रत्येक मोटारसायकलीबरोबर तिचे एक कागदी शरीरही असते, आणि ते आगगाडीत चढत नाही. ते ग्वाल्हेरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, ‘एम.पी. 07’ या मथळ्याखाली तसेच बसून राहते. जे पुढे कष्टी होतात ते बहुतेक या दुसऱ्या शरीराला मागे विसरून आलेले असतात.

या बाबतीत लोकांत दोन परस्परविरुद्ध समजुती आहेत. एक अशी की परप्रांताची पाटी दिसली की पोलिसाने दंड करावयाचाच. दुसरी अशी की भारत एक आहे, तेव्हा पाटी बदलण्याचे कारणच काय? दोन्ही अर्धवट खऱ्या आहेत. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 46 वे कलम सांगते की एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या देशात ग्राह्य आहे. लगतचे 47 वे कलम मात्र असे बजावते की वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिले तर मालकाने तेथील नवा क्रमांक घ्यावा. म्हणजे पाहुणा म्हणून गाडी कोठेही हिंडावी, बिऱ्हाड थाटले की नाव बदलावे. आता हे बारा महिने कोणत्या दिवसापासून मोजावयाचे, हा वाद रस्त्यावर उभ्या उभ्या निघतो. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीस पथकर नाही, त्यामुळे जो हौशी तरुण आग्रा-मुंबई रस्त्याने शिवपुरी, इंदूर, धुळे करीत गाडी चालवीत येतो त्याच्यापाशी आल्या दिवसाचा काहीच दाखला नसतो. रेल्वेची पार्सल-पावती हा दाखला आपोआप देते. ती जपून ठेवावी.

नव्या क्रमांकासाठी पहिली पायरी ग्वाल्हेरातच ओलांडावी लागते. तिचे नाव ना-हरकत प्रमाणपत्र. अर्ज 28 क्रमांकाच्या नमुन्यात करावयाचा असतो. त्यावर चेसिसवरील अंकांचा ठसा उमटवून द्यावा लागतो. कोरलेल्या अंकांवर कागद ठेवून पेन्सिल घासावयाची, ही मुले नाण्यावर करतात तीच युक्ती. गाडी पुण्यास पाठवून झाल्यावर हा ठसा आठवला तर काय धावपळ होते हे सांगावयास नको. कार्यालय प्रमाणपत्र देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहते: गाडी चोरीची असल्याची नोंद पोलिसांकडे आहे काय, आणि सरकारचा कर थकला आहे काय. गाडी कर्जाऊ घेतलेली असेल तर बँकेची संमतीही लागते. तीस दिवसांत कार्यालयाने होकार वा नकार काहीच कळविले नाही तर प्रमाणपत्र दिले असेच मानावे, अशी तरतूद कायद्यातच आहे. फार थोड्या अर्जदारांना ती ठाऊक असते.

दुसरी पायरी कराची, आणि ती सर्वांत अधिक गैरसमजाची. नोंदणीचा कायदा देशाचा. वाहनावरील कर मात्र राज्याचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, 57 व्या नोंदीत तो राज्यांच्या स्वाधीन केलेला आहे. म्हणून मध्य प्रदेशात आयुष्यभराचा कर भरला हे महाराष्ट्रास पुरेसे नसते. गाडीची मूळ किंमत, इंजिनाची क्षमता आणि वय पाहून येथे तो नव्याने आकारला जातो. पूर्वीच्या राज्याकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी नव्या नोंदणीचा व कराचा पुरावा जोडून पुन्हा जुन्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. पुष्कळ जण तेथेच कंटाळतात.

ग्वाल्हेरच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत 1905 साली सुरू झालेला तेथील व्यापारमेळा आजही हिवाळ्यात भरतो, आणि अलीकडच्या अनेक मेळ्यांत तेथे विकल्या गेलेल्या वाहनांवर राज्य सरकारने कराची निम्मी सूट दिली. अट एवढीच, की नोंदणी कायमस्वरूपी ग्वाल्हेर कार्यालयातच व्हावी. साहजिकच मेळ्यातील गाडी स्वस्त पडते, आणि तिच्या मोहाने महाराष्ट्रातील एखादा मामा भाच्याला कळवितो की दोन वर्षे वापरून झाल्यावर ती मलाच दे. हिशेब मात्र फसतो. महाराष्ट्राचा कर त्या सुटीकडे पाहत नाही. आणि ग्वाल्हेरकडून परतावा मागावा तर जो अर्धा कर भरलाच नव्हता तो परत कोठून मिळणार? यातील उपहास असा की पुष्कळ मोटारसायकली मुळात पुण्याजवळ चाकणला जन्मलेल्या असतात. माहेरी परतताना त्यांना पुन्हा एकदा दारपट्टी द्यावी लागते.

येथवर मालक तोच राहिला. तो बदलला की प्रश्न पैशाचा न राहता गळफासाचा होऊ शकतो. परगावी जाणाऱ्या माणसाला घाई असते. शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक येते, रोख मोजते, आणि नाव बदलण्याचे सारे आपण पाहून घेऊ असे सांगून 29 व 30 क्रमांकांच्या कोऱ्या नमुन्यांवर सह्या मागते. विकणारा सह्या करतो आणि गाडीत बसतो. कायद्याच्या दृष्टीने त्याने काय विकले? केवळ लोखंड. राज्याबाहेर नोंदलेल्या वाहनाची विक्री झाली की पंचेचाळीस दिवसांच्या आत विकणाऱ्याने ना-हरकत प्रमाणपत्र, निदान त्याच्या अर्जाची पोच, खरेदीदाराच्या कार्यालयाकडे पाठवावयाची असते आणि खरेदीदाराने तीस दिवसांत खरेदी कळवावयाची असते. हे झाले नाही तर दप्तरात मालक जुनाच राहतो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले होते. वाहन विकले गेले होते, पुढे आणखीही हात बदलले होते, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे होती. अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी दप्तरातील त्या मालकावरच आहे, असा निर्णय झाला. जखमी झालेल्याने गाडी कोणाकोणाच्या हातांतून गेली याचा माग काढीत बसावे, हे न्यायालयास मान्य झाले नाही; आणि ते योग्यच वाटते. विमा चालू असेल तर भार विमा कंपनी उचलते. पण कोऱ्या सह्यांवर गाडी घेणारा विमा वेळेवर भरील याचा भरवसा कोण देणार?

खरेदीदारानेही डोळे उघडे ठेवावेत. ‘वाहन’ या सरकारी संगणकीय नोंदवहीत क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, कर्जाचा बोजा व विम्याची मुदत कळते. थकलेले दंडही सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तेव्हा तेरा वर्षांची गाडी परराज्यातून आणून नवा कर भरणे हा व्यवहार नव्हे, हौस होय. चेसिसवरील अंक पुस्तकातील अंकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत, आणि इंजिन थंड असताना एकदा सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर कारण विचारावे.

ही दगदग ज्यांना फार वाटते त्यांनी परदेशातून जुनी मोटारसायकल आणणाऱ्याची अवस्था डोळ्यांपुढे आणावी. आयात धोरणाप्रमाणे वापरलेले वाहन निर्मितीपासून तीन वर्षांहून जुने असून चालत नाही, आयातीनंतर निदान पाच वर्षे ते रस्त्यावर चालण्याजोगे असावे लागते आणि ते मुंबई बंदरातूनच यावे लागते. पुढचा दिवासुद्धा आपल्या डाव्या बाजूच्या रहदारीस जुळणारा लागतो. उजवीकडून चालणाऱ्या देशातील दिव्याचा झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. एवढे झाल्यावर जकात वेगळीच.

ग्वाल्हेरहून येणाऱ्याला समुद्र ओलांडावयाचा नसतो. त्याने निघण्यापूर्वी पंधरा-वीस दिवस हाती ठेवून चेसिसचा ठसा घ्यावा, अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि मगच टाकी रिकामी करावी. पुण्यास नवा क्रमांक मिळाला की तो विमा कंपनीस कळवावा. गाडी विकत घेतलेली असेल तर विमा आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत करावयाचा असतो. जुनी ‘एम.पी. 07’ ची पाटी काढल्यावर काही जण ती घरात आठवण म्हणून ठेवतात. ती गाडीवर पुन्हा चढविली नाही म्हणजे झाले.