डासाला डेंग्यू का होत नाही?

पावसाळा सरत आला की वर्गातली बाके रिकामी दिसू लागतात आणि पालकांच्या चिठ्ठ्यांत 'ताप' हा शब्द वाढतो. अशाच दिवसांत आठवीच्या मुलींनी आम्हाला विचारले, "डेंग्यू माणसाला आडवा करतो, मग त्याचा विषाणू पोटात घेऊन फिरणारा मच्छर मरत कसा नाही?" प्रश्न आम्हाला फार आवडला.

डासाच्या अंगात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. पण त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती असते. विषाणू पेशीत वाढू लागला की त्याच्या आरएनएची दुहेरी साखळी तयार होते. डासाची पेशी ती ओळखते, तिचे बारीक तुकडे करते आणि तेच तुकडे नमुना म्हणून धरून विषाणूचा आरएनए शोधून कापत राहते. विषाणू पुरता नष्ट होत नाही, पण डासाला मारण्याइतका वाढतही नाही. डास जगतो आणि मरेपर्यंत विषाणू वाटत फिरतो.

त्यातही प्रत्येक जातीचा डास सारखा नसतो. रक्तासोबत पोटात गेलेल्या विषाणूला आधी आतड्याच्या भिंतीत शिरावे लागते, तिथे वाढून बाहेर पडावे लागते आणि मग लाळेच्या ग्रंथी गाठाव्या लागतात. एडिस इजिप्ती या जातीच्या मादीत डेंग्यूचा विषाणू हा प्रवास साधारण ८ ते १२ दिवसांत पुरा करतो. मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलीसच्या चाव्याने मात्र डेंग्यू पसरत नाही. एचआयव्हीचा विषाणू तर डासाच्या पोटात वाढतच नाही, रक्तासोबत पचून जातो. डास चावून एड्स होईल ही भीती आजही काही घरांत आहे, ती सोडून द्यावी.

अॅनोफिलीस सगळ्याच विषाणूंना दाद देत नाही असे मात्र नाही. १९५९ साली युगांडात सापडलेला, चिकुनगुनियाचा जवळचा नातेवाईक असलेला ओन्योंग-न्योंग विषाणू तोच पसरवतो.

शिवाय विषाणूही बदलतो. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर २००५-०६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली. सुमारे एक तृतीयांश लोक आजारी पडले. तिथे एडिस इजिप्ती फारसा नव्हता, होता तो पट्टेरी एडिस अल्बोपिक्टस. विषाणूच्या बाह्य आवरणातल्या प्रथिनात एकच घटक बदलला आणि या दुसऱ्या डासाच्या आतड्यात शिरणे त्याला सोपे झाले. एका घटकाने एवढे व्हावे, हे वाचून आम्हीही थक्क झालो.

आता सगळ्यात रंजक भाग. वोल्बाकिया नावाचा जिवाणू अनेक कीटकांच्या पेशीत राहतो. अल्बोपिक्टसमध्ये तो आहे, हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्समध्येही आहे. एडिस इजिप्तीमध्ये मात्र निसर्गतः आढळत नाही. शास्त्रज्ञांनी फळमाशीतला वोल्बाकिया त्याच्या अंड्यात घातला. हा पाहुणा पेशीत आला की डेंग्यूच्या विषाणूला वाढायला जागा उरत नाही, आणि आईकडून अंड्यांमार्फत तो पुढच्या पिढीत जातो. (अल्बोपिक्टसचा स्वतःचा वोल्बाकिया चिकुनगुनियाला अडवू शकला नाही, हे रीयुनियनने दाखवलेच.) इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहराचे २४ भाग करून १२ भागांत असे डास सोडले. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: त्या भागांत डेंग्यू ७७ टक्के कमी, आणि डेंग्यूसाठी इस्पितळात दाखल होणारे ८६ टक्के कमी. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्रानेही वोल्बाकिया असलेले एडिस तयार केले आहेत.

योग्यकर्त्यात काही घरांजवळ अंड्यांचे डबेच ठेवले होते, कारण एडिसची अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. हाच गुण आपल्या पिंपात, वजूच्या हौदात आणि कूलरमध्ये आपल्याला नडतो. पाणी ओतून दिले तरी कडेला चिकटलेली अंडी तिथेच राहतात, पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करताना आतली कड काथ्याने खरवडून घासावी.