घशाची शस्त्रक्रिया आणि श्वासाची वाट

निजामी अमलातील हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाची चौकशी करणारी दोन कमिशने बसली. आणि भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासावर दृष्टी ठेवावी, असा या कमिशनांमागील डॉ. एडवर्ड लॉरी यांचा आग्रह होता. क्लोरोफॉर्म हृदयास थेट अपाय करत नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. परंतु श्वासाविषयीची ती दक्षता घशाच्या शस्त्रक्रियेत आजही सर्वोपरी आहे, कारण तेथे शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ या उभयतांना एकाच अरुंद मार्गातून काम करावयाचे असते. म्हणून स्वरयंत्रावरील शस्त्रक्रियेत नेहमीच्या ७ ते ८ मिलिमीटरच्या नळीऐवजी पुष्कळदा ५ मिलिमीटरची, पण लांब नळी घालतात. आणि गुटखा-सुपारीमुळे ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही (आणि असे रुग्ण आपल्याकडे, दुर्दैवाने, थोडे नाहीत) त्यास जागेपणीच, घसा बधिर करून, लवचीक दुर्बिणीवर चढवलेली नळी नाकावाटे घालावी लागते. गाठीने वाटच रोधली असल्यास गळ्याची त्वचा बधिर करून श्वासनलिकेस आधी छिद्र पाडणे इष्ट. शस्त्रक्रियेपूर्वी किमान ६ तास अन्न वर्ज्य, हा दंडक रुग्ण कसोशीने पाळेल, हे आप्तेष्टांनी पाहावे. भुलेत पोटातील अन्न फुप्फुसात उतरले, तर ते जिवावर बेतते.