दमेकऱ्याला तेलाचा गुण किती?

थंडी पडू लागली की तिगाव, पांढुर्णा, सौंसर या भागात घरोघरी खोकल्याचा आवाज ऐकू येतो. चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या धुमसतात, म्हाताऱ्या माणसांना दम लागतो, आणि निलगिरीच्या तेलाची बाटली बाहेर निघते. या तेलाने दमा बरा होतो काय, असे पुष्कळजण आम्हांला विचारतात.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते. त्या आवळतात, चिकट कफ साचतो व श्वास सोडताना घरघर होते. म्हणून सूज उतरविणे हाच खरा उपचार होय.

निलगिरीच्या तेलात सिनिओल नावाचे द्रव्य मुख्य असते. जर्मनीतील बॉन येथील डॉक्टरांनी २००३ साली ३२ दमेकऱ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. शुद्ध सिनिओलच्या २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून तीनदा, १२ आठवडे दिल्या. त्या रोग्यांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करता आल्या. नुसती दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांच्या ७ टक्केच. आपल्या संत्र्याच्या सालीतील तेलात लिमोनिन असते. त्याने उंदरांच्या श्वासनलिकांची सूज कमी झाल्याचे दिसले आहे. परंतु उंदरांवरून माणसांचे औषध ठरत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. बॉनच्या रोग्यांनी मोजून दिलेले शुद्ध द्रव्य घेतले, तेही नेहमीच्या औषधांच्या जोडीला व डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बाटलीतील तेल पिणे ही निराळी गोष्ट आहे. चमचाभर निलगिरी तेल पोटात गेल्यानेही लहान मुलाला झटके येऊन ते बेशुद्ध पडू शकते. कापराचे तेलही तसेच घातक आहे. अशा बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची चाल तर सोडूनच द्यावी, मग ते तेल गोडे असो वा खोबरेल. तेलाने ठसका लागत नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. मोठ्यांनी छातीला तेल चोळल्यास बरे वाटते. पण त्याने आतील सूज उतरत नाही. काहींना तर उग्र वासानेच धाप लागते.

मग करावे काय? डॉक्टरांनी दिलेला पंप नियमित घ्यावा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. चुलीच्या धुराला वाट करून द्यावी. जमेल तेथे गॅस वापरावा. बिडी सोडावी. वावरातील कचरा पेटविण्याऐवजी कुजवून खत करावे.

बोलता बोलता वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर तेल चोळीत बसू नये. पंप देऊन तडक दवाखाना गाठावा. अशा वेळी घटकाभराचा उशीरही जिवावर बेततो.